स्वस्त विमान आणि पंधरा मिनिटें

आमचे तीर्थरूप नाना छत्तीस वर्षें शाळेंत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या खोलींत लिओनार्दो द व्हिंचीच्या ‘अखेरचें भोजन’ या चित्राची एक फिकट छापील प्रत मी लहानपणापासून पाहत आलों आहें. गेल्या उन्हाळ्यांत नाना, सौ. व मी असे तिघे लंडनला पुतण्याकडे राहावयास गेलों, तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नानांनीं एकच इच्छा बोलून दाखविली: “इतक्या दूर आलोंच आहों, तर मिलानची ती भिंत पाहावी.”

ही भिंत सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चला लागून असलेल्या मठाच्या भोजनगृहांत आहे. लिओनार्दोनें १४९५ ते १४९८ च्या सुमारास ती रंगविली. परंतु ओल्या गिलाव्याऐवजीं कोरड्या भिंतीवर रंग चढविल्यामुळें चित्र त्याच्या हयातींतच झडूं लागलें. १९४३ सालीं बाँबहल्ल्यांत भोजनगृहाचें छप्पर कोसळलें, तरी ती भिंत उभी राहिली. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेलें दुरुस्तीचें काम १९९९ सालीं पुरें झालें. आतां तेथें एका वेळीं मोजकींच माणसें सोडतात, तींही पंधरा मिनिटांपुरतीं. आणि त्या वेळेचें तिकीट फार आधीं काढून ठेवावें लागतें. आम्हांला बुधवारीं दुपारीं बाराची वेळ मिळाली.

पुतण्या मोठा हुशार. मी पुण्यास असतांनाच त्याचा टेलिफोन आला. “काका, माणशीं बावीस पौंडांत मिलान! सकाळीं साडेसहाला निघाल, साडेनऊला उतराल, पावणेबाराला चर्चच्या दारांत.” बावीस पौंड ऐकून मीं तत्काळ होकार भरला. शेन्गेन व्हिसा आम्हीं मुंबईहूनच करून घेतला होता, कारण इंग्लंडच्या व्हिशावर इटलींत पाऊल ठेवतां येत नाहीं. तेव्हां आतां चिंता ती कसली, असें मला वाटलें.

येथें या स्वस्त विमानांची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. अमेरिकेंत साउथवेस्ट कंपनीनें १९७१ सालीं जो मार्ग घालून दिला, तोच पुढें युरोपांत रायनएअर, ईझीजेट इत्यादि कंपन्यांनीं धरला. युरोपांतील हवाई व्यापारावरील जुनीं बंधनें १९९७ पर्यंत उठलीं, आणि शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांनाही शेजारच्या देशांत सहज जातां येऊं लागलें. हें स्वस्तपण कांहीं जादूचें नव्हे. एकाच जातीचीं विमानें ठेवावयाचीं, म्हणजे दुरुस्ती व शिक्षण यांचा खर्च कमी; त्यांत खुर्च्या दाटीनें बसवावयाच्या; उतरलेलें विमान अर्ध्या तासाच्या आंत पुन्हां उडवावयाचें; पुष्कळदां शहरापासून दूरचा, कमी आकाराचा विमानतळ निवडावयाचा; आणि सामान, जेवण, शेजारची जागा या प्रत्येकाचे पैसे वेगळे घ्यावयाचे. यांत लबाडी नाहीं, सर्व कांहीं आधीं लिहिलेलें असतें. वाचावयाचें मात्र आपल्याकडे असतें, आणि मीं तें वाचलें नव्हतें.

बुधवारीं पहाटे तीन वाजतां निघावें लागलें. त्या वेळीं आगगाडी नाहीं, म्हणून टॅक्सी. विमानाच्या दारापाशीं एक लोखंडी चौकट होती; तिच्यांत मावेल तेवढीच पिशवी फुकट. नानांची चित्रवही लांबरुंद, ती कांहीं केल्या आंत जाईना. त्याचा दंड भरला. पुढें आम्ही विमानांत बसलों. पण फ्रान्सवरील आकाशांत विमानांची गर्दी, म्हणून उड्डाणास परवानगी मिळेना. पावणेदोन तास विमान जागच्या जागीं उभें. तीन तासांहून अधिक उशीर झाला असता, तरी आकाशांतील गर्दीच्या कारणावर कायद्यानें भरपाई मिळाली नसती!

सव्वाअकराला आम्ही उतरलों तें मिलानमध्यें नव्हे, बेर्गामोंत. मिलानला तीन विमानतळ आहेत. लिनाते शहराला अगदीं लागून. तेथून भुयारी रेल्वेनें थोड्याच वेळांत शहराच्या मध्यभागीं जातां येतें. माल्पेन्सा व बेर्गामो हे दोन्ही शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटर दूर, एक वायव्येस व दुसरा ईशान्येस. परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेंत अर्धा तास गेला, बसला तास लागला. आम्ही चर्चपाशीं पोहोंचलों तेव्हां सव्वा वाजून गेला होता. खिडकीवरील बाई सौजन्यानें बोलल्या. परंतु आमची वेळ टळली होती, आणि पुढच्या सर्व वेळा भरलेल्या होत्या.

नाना कांहीं बोलले नाहींत. समोरच्या कट्ट्यावर बसून त्यांनीं ती दंड भरलेली चित्रवही काढली आणि चर्चचा विटांचा घुमट रेखाटूं लागले. सौ.नें माझ्याकडे पाहिलें, आणि मीं जमिनीकडे.

त्या रात्रीं मीं हिशेब मांडला. तिघांचें भाडें सहासष्ट पौंड, पेटीचे तीस, तिघांनीं शेजारीं बसण्याचे सत्तावीस, टॅक्सीचे सत्तर, बेर्गामोहून बसचे सव्वीस आणि दंडाचे पन्नास. एकूण दोनशें एकोणसत्तर. आदल्या दिवशीं दुपारीं थेट लिनातेस जाणाऱ्या दुसऱ्या विमानाचें भाडें तिघांस एकशें शह्यायशीं होतें, पेटीसह. त्यांत दोन्हीकडील रेल्वेचे एकोणचाळीस मिळविले, तरी दोनशें पंचवीसच होतात. परत येणेंही एक दिवस अलीकडे घेतलें असतें, तर मुक्कामाच्या रात्री तितक्याच राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पुन्हां त्या खिडकीपाशीं जाऊन उभे राहिलों. दोन तासांनीं कोणी एक प्रवासी आला नाहीं, म्हणून एक तिकीट मोकळें झालें. एकच. नाना एकटेच आंत गेले. पंधरा मिनिटांनीं बाहेर आले तेव्हां त्यांचे डोळे ओले होते. “छापील चित्रांत ती खोली दिसत नाहीं रे,” एवढेंच ते म्हणाले. “तेथें उभें राहिलें म्हणजे भिंत संपतच नाहीं.”

परततांना विमान पुन्हां बेर्गामोहूनच होतें, पण सायंकाळचें. आम्ही सकाळींच तेथें गेलों, दोरानें ओढल्या जाणाऱ्या लहानशा गाडीनें टेकडीवरील जुन्या गांवांत चढलों, आणि व्हेनिसच्या राज्यकाळांतील तटावर बसून घरून आणलेले दशमीचे तुकडे खाल्ले. तेथून विमानतळ हाकेच्या अंतरावर. विमान वेळेवर सुटलें, चित्रवही या खेपेस पेटींत होती, आणि प्रवास सुखाचा झाला. तेंच भाडें, तोच विमानतळ. जो मिलानला जाणाऱ्यास दूर, तोच बेर्गामो पाहणाऱ्यास जवळ.

म्हणून स्वस्त विमान घेऊं नये, असें मी म्हणणार नाहीं. घ्यावें, पण भाडें घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या उंबऱ्यापर्यंत मोजावें. विमान कोठें व किती वाजतां उतरतें, पिशवीचें माप काय, हें आधीं पाहावें. दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं तिकिटें जोडून पुढचें विमान गांठावयाचें असेल, तर मध्यें भरपूर वेळ ठेवावा, कारण पहिलें चुकल्यास दुसरी कंपनी थांबत नाहीं. आणि ज्या कामासाठीं प्रवास, तें काम त्याच दिवशीं ठेवूं नये.

नानांनीं कधींच मला दोष दिला नाहीं. घरीं परतल्यावर एकदां सहज म्हणाले, “तुम्हीं तिकीट काढलेंत तेव्हां मला विचारलें असतेंत, तर मी आदल्या दिवशींचें सांगितलें असतें. मला घाई सोसत नाहीं.” खरेंच, ज्यांच्यासाठीं सारा खटाटोप केला, त्यांनाच आम्हीं विचारलें नव्हतें. आतां आमच्या घरीं प्रवास ठरला, म्हणजे भाडें पाहण्याआधीं मी नानांच्या खोलींत जातों. घुमटाचें तें रेखाचित्र तेथें त्या फिकट चित्राशेजारीं टांगलेलें आहे.