गावाला वळसा

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण माझ्या नगरच्या आजीच्या तोंडी सतत असायची. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या आजोबांसाठी, चुलत्यांसाठी, पाळकसाहेबांसाठीसुद्धा. अमेरिकेहून परतल्यापासून ती माझ्या मागे लागली आहे.

म्हणीतली बाई वेंधळी, हे आपण न विचारता धरून चालतो. पण हरवलेली वस्तू माणूस आधी घरात शोधतो, मग अंगणात, फार तर शेजारणीकडे. त्यासाठी सबंध गावाला वळसा कोण घालतं? मला वाटतं, बाईला वळसाच घालायचा होता. भर दुपारी उंबऱ्याबाहेर पडायला सासुरवाशिणीला कळशाखेरीज दुसरं निमित्त कुठलं? आणि वाटेत भेटलेल्यांपैकी एकानेही ‘अगं, तुझ्या काखेत काय आहे?’ म्हणून तिला थांबवलं नाही. म्हण रचणाऱ्याने तरी? तो पारावर बसून हसत असणार.

शिवाय तो कळसा रिकामा असला पाहिजे. भरलेला असता तर कमरेला रग लागली असती, पदर ओला झाला असता. भरलेलं ओझं विसरता येत नाही. इथवर आले की मी थबकते, कारण पुढचा प्रश्न त्या बाईला विचारायचा नसतो.

आम्ही बोस्टनहून निघालो ते मोटारीने पार कॅलिफोर्नियापर्यंत. लेक आणि जावई आळीपाळीने चालवत होते, मी मागच्या सीटवर. सुरुवात तिकडून करायची हा माझा हट्ट. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली ती न्यू इंग्लंडची, आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. आमच्या घरात बायबल आलं ते त्या वाटेने. विल्यम्सटाउनला एक संगमरवरी खांब आहे, माथ्यावर पृथ्वीचा गोल. 1806 साली पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियात शुभवर्तमान पोचावं म्हणून त्यांनी प्रार्थना केली, त्याची ती खूण. मी हात जोडले. मनात फारसं काही आलं नाही. गवत ओलं होतं एवढं आठवतं.

मग नुसता रस्ता. टेक्सासमध्ये ग्रूम नावाच्या गावाजवळ 190 फुटी पांढरा क्रूस आहे, 1995 मध्ये उभारलेला. मैलोगणती आधीपासून तो दिसत होता. जवळून गेलो तेव्हा जावयांनी वेग कमी केला नाही आणि मीही थांबा म्हटलं नाही. रात्री मोटेलात काउंटरवर अंबामातेची तसबीर, मालक गुजराती, आणि खोलीतल्या खणात गिडियन मंडळींचं बायबल. 1908 पासून ते लोक हॉटेलांतून अशी बायबलं ठेवत आले आहेत. त्या खणातल्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. योहानाचा चौथा अध्याय मी उगाच काढला.

त्यातली शोमरोनी बाई भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एकटी पाण्याला येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. बोलणं वाढत जातं आणि शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात पळते. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण एक लक्षात आलं नव्हतं. येशूला पाणी मिळालं की नाही, हे योहान सांगतच नाही. ती घागर न्यायला परत आली का, हेही नाही. बरेच यहूदी शोमरोन टाळायला यार्देनेपलीकडून वळसा घालत. येशू मात्र सरळ मधून गेला. म्हणजे वळसा टाळला म्हणून भेट झाली? की ती बाई गावातल्या बायकांची वेळ टाळून अवेळी आली, तिच्या त्या वळशामुळे? मी दिवा मालवला, पण झोप लागली नाही.

पंडिता रमाबाईंना असले प्रश्न पडले असतील का? लहानपणी आईवडिलांबरोबर त्यांनी पायी तीर्थं पालथी घातली. मग बाप्तिस्मा, मग 1886 ते 1888 अमेरिका. पण त्यांच्यापुढे काम होतं. त्यांच्या मदतीला बोस्टनमध्ये मंडळ उभं राहिलं आणि 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेवरचं त्यांचं पुस्तकही आलं. तुलना करायला मी धजत नाही. मी आणलं ते चॉकलेट आणि पाठीचं दुखणं.

इथे रावेतला पवनेच्या बंधाऱ्यावरून शहराचं पाणी उचलतात, आणि उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा असतो. आजी असती तर तिने काय म्हटलं असतं ते सांगायला नको. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ती ऐकवू शकली असती का? त्यांना बायबल मिळालं ते 1893 मध्ये राजनांदगावला जाताना, रेल्वेत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. तरी आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तो पूल शोधायचा तर माझ्या घरापासून देहू किती लांब? मी मात्र बोस्टन गाठलं. आणि गाठलं नसतं तर देहूकडे असं पाहिलं असतं का, तेही सांगता येत नाही.

देहूची एक कथा यात आणखी घोळ घालते. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा नेमाने पंढरीला जात. त्यांच्यासाठी विठ्ठलच देहूला आला, अशी श्रद्धा आहे. देऊळ झालं. देव दारी आला म्हटल्यावर चालणं संपायला हवं होतं. संपलं नाही. तुकोबाही वारी करत राहिले, 1685 मध्ये त्यांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सुरू केली, आणि आजही देहूहून निघालेली ती पालखी देहूबाहेरच्या पहिल्या मुक्कामाला आमच्या शेजारच्या आकुर्डीत विठ्ठलाच्याच देवळात उतरते.

वाचकांत कोणी वारकरी असतील तर त्यांनी मला एवढं समजावून सांगावं: विठ्ठल देहूत आहे, आकुर्डीतही आहे, मग सकाळी उठून तुम्ही पुढे का निघता? मी ख्रिस्ती आहे म्हणून उत्तर सोपं करू नका.