वर्तुळ, दोन ठिपके आणि बाबा

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी व्यंगचित्रांच्या क्लासला नाव घातलं, ही बातमी घरी जाहीर केली तेव्हा चिरंजीवांनी कानातले हेडफोन न काढता फक्त "का?" एवढंच विचारलं. नवरोबांनी "रविवारी सकाळी? मग पोहे कोण करणार?" असा मूलभूत प्रश्न टाकला. दोघांनाही समाधानकारक उत्तर मिळालं नाही. खरं सांगायचं तर ते माझ्याकडेही नव्हतं.

चित्रकला आणि मी यांचा काडीमोड आठवीतच झाला होता. हौसेने एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. वस्तुचित्रात निदान तांब्या तांब्यासारखा दिसत होता, पण स्मरणचित्रात मी काढलेली बाजारातली माणसं कवायतीला उभी राहिल्यासारखी होती. सगळ्यांचे हात एका लांबीचे आणि सगळे समोर बघणारे. त्यानंतर मी जे काही काढलं ते जर्नलमधल्या आकृत्या आणि मुलाच्या शाळेचे तक्ते. असो.

आठ रविवारांचा क्लास, एका शाळेच्या वर्गात. बाकं सहावीच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे सगळेच गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दाताच्या एक डॉक्टर, कॉलेजातली दोन पोरं, एक आजी आणि अस्मादिक. शिकवणारे सर पूर्वी जाहिरातींसाठी चित्रं काढायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांची खोडरबरं गोळा करून टेबलाच्या खणात टाकली. "चुकलेली रेघ राहू द्या. शेजारी दुसरी काढा," म्हणाले. मला एकदम कसंसंच झालं. आयुष्यभर आपण खोडूनच तर पुढे गेलेलो असतो!

मग पन्नास वर्तुळं, कंपास न वापरता. मनगट न हलवता, अख्खा हात खांद्यातून फिरवायचा. माझी पहिली वीस वर्तुळं म्हणजे बटाट्यांची रास होती. त्या बटाट्यांतच दोन ठिपके आणि एक आडवी रेघ घालायला सांगितली, आणि गंमत म्हणजे तेवढ्यावर ते माझ्याकडे बघायला लागले! मग भुवया. चार प्रकारच्या भुवया आणि चार प्रकारची तोंडं, म्हणजे सोळा चेहरे. डोळे तेच, नुसते ठिपके. पण भुवई नाकाकडे उतरली की राग, कपाळाकडे चढली की काळजी. बँकवाले काका म्हणाले, "अहो, हे आमच्या मॅनेजरांना कळलं असतं तर त्यांनी भुवया काढूनच टाकल्या असत्या!"

बोलण्याचा फुगा आधी काढायचा नसतो हेही तेव्हाच कळलं. आधी अक्षरं लिहायची, मग त्यांच्याभोवती फुगा. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे, कारण आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. किती साधी गोष्ट! पण इतकी वर्षं व्यंगचित्रं बघूनही कधी लक्षात आली नव्हती.

सर मधूनमधून मोठ्यांच्या गोष्टी सांगत. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनं प्रवेश नाकारला होता. १९५१ मध्ये त्यांचा कॉमन मॅन आला तो चौकटीचा कोट, धोतर आणि चष्मा घालून, आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. लक्ष्मण कावळे किती प्रेमानं काढायचे तेही सरांनी सांगितलं. शि. द. फडणीसांचं ते गाजलेलं चित्र तुम्हाला आठवत असेल, एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. त्यात एकही शब्द नाही, तरी हसू येतंच. फडणीसांचा जन्म १९२५ चा, २०२५ मध्ये त्यांनी शंभरी गाठली. हे ऐकून आमच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे मला अजून पंचवीस वर्षं आहेत." :)

पाचव्या रविवारी अर्कचित्र. मला वाटायचं की नाक मोठं केलं की झालं अर्कचित्र. सर म्हणाले, नाही. आधी चारचौघांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा, आणि हा माणूस त्यांच्यापेक्षा कुठे वेगळा आहे ते शोधा. कदाचित नाक साधंच असेल, पण नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर जास्त असेल. ते अंतर वाढवा. आणि चेहऱ्यावर अडकू नका. माणूस पन्नास पावलांवरून ओळखू येतो तो चेहऱ्यामुळे नाही, उभं राहण्यामुळे.

गृहपाठ होता, घरातलं एक माणूस काढायचं. फोटो बघायचा नाही, माणसालाही समोर बसवायचं नाही. म्हणजे पुन्हा स्मरणचित्रच!

मी बाबांना काढायचं ठरवलं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मला वाटलं, हे तर सोपं आहे. रात्री सगळं आवरल्यावर डायनिंग टेबलावर कागद घेऊन बसले, वर्तुळ काढलं, चष्मा काढला... आणि हात थांबला. बाबा भांग कुठल्या बाजूला पाडायचे? डावीकडे? मिशी ओठांवर यायची की वरच कापलेली असायची? बाबांची वाक्यं मला शेकड्यांनी आठवत होती. खोकला आठवत होता, चपलेचा आवाजसुद्धा. पण चेहऱ्याच्या जागी नुसतं वर्तुळ. मला चक्क भीती वाटली. चार वर्षांत एवढं पुसलं गेलं? की मी कधी नीट बघितलंच नव्हतं?

शेवटी चेहरा सोडला आणि पाठमोरे बाबा काढले. सकाळी गॅलरीत उभे असायचे तसे. दोन्ही हात मागे, एका हातात पेपरची सुरळी, खांदे पुढे झुकलेले, मान खाली. सात-आठ रेघांत झालं. आणि ते बाबाच होते. मला रडू आलं, पण आनंदही झाला. एलिमेंटरीच्या परीक्षकांना दाखवावंसं वाटलं!

दुसऱ्या दिवशी आईकडे घेऊन गेले. तिनं चष्मा पुसला, कागद लांब धरला, बराच वेळ बघितला. मी स्तुतीची वाट बघत होते.

"हात बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण एवढे वाकलेले नव्हते गं ते."

"अगं आई, होते की. गॅलरीत असेच तर उभे राहायचे."

"ते शेवटची तीन वर्षं. त्याआधी ताठ असायचे. लोक म्हणायचे मिलिटरीत होते का." मग अगदी सहज, काही टोचून बोलायचं म्हणून नव्हे, "तू तेव्हा बंगळूरला होतीस ना."

अकरा वर्षं होते मी बंगळूरला. वर्षातून दोनदा यायचे, तेही चार दिवस, त्यातला एक खरेदीत. बाबा स्टेशनवर घ्यायला यायचे तेव्हा मी सामान मोजत असायची. ते वाकायला कधी लागले हे मला माहीतच नाही. मी परत आले तेव्हा ते वाकलेले होते, आणि मी धरून चालले की बाबा असेच आहेत. आईसाठी ती तीन वर्षं म्हणजे एका मोठ्या आयुष्याचं शेपूट होतं. माझ्यासाठी तेच सगळे बाबा झाले होते.

मी काही बोलले नाही. आईनं मात्र पेन्सिल मागितली. जन्मात कधी चित्र न काढलेल्या माझ्या आईनं माझ्या बाबांच्या शेजारी एक उभी सरळ रेघ ओढली. खडूसारखी सरळ. "असे," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

रविवारी मी तो कागद तसाच नेला. सरांनी बघितला, रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ही काय?"

"हे पण बाबाच. आईचे."

सर हसले नाहीत. "राहू द्या मग दोन्ही. खोडरबर नाहीच आहे," म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले.

आता क्लास संपलाय. हात थोडा सुधारलाय, कावळे बरे जमतात, आणि नवरोबा पोहे करायला शिकलेत. त्या सरळ रेघेला हातपाय, चष्मा आणि पेपरची सुरळी लावायचा प्रयत्न मी रोज करतेय. अजून जमलेलं नाही, कारण मी पाहिलेलीच नाही ती माणसं काढायला कुणालातरी विचारावं लागतं. तेव्हा काका, आत्या, तुम्ही हे वाचत असाल तर एवढं सांगा: बाबा चाळिशीत कसे उभे राहायचे? आणि भांग कुठल्या बाजूला? आईला विचारलं तर ती म्हणते डावीकडे, आणि मग लगेच म्हणते, थांब, आरशात की समोरून?

अल्बम काढून बघायचा नाही बरं का. अट आहे तशी.