वेगाची मुंज

सिडनी शहर मागे टाकून नैर्ऋत्येकडे निघाले, की ह्यूम महामार्ग लागतो. १८२४ साली हॅमिल्टन ह्यूम आणि विल्यम हॉवेल हे दोघे बैल आणि गाड्या घेऊन दक्षिणेचा मार्ग शोधायला निघाले होते. त्यांपैकी ह्यूमचे नाव या रस्त्याला मिळाले. बैल केव्हाच गेले. आता ताशी ११० किलोमीटरच्या मर्यादेत मोटारींची धार अखंड वाहत असते. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडे, त्यांच्यापलीकडे वाळक्या गवताचे पिवळे माळ आणि त्यांवर खडे मांडल्यासारख्या मेंढ्या. देखावा सुंदर खराच. पण मला विचाराल तर या रस्त्यावरची खरी प्रेक्षणीय वस्तू ही झाडे नव्हेत आणि त्या मेंढ्याही नव्हेत. ती म्हणजे काही मोटारींच्या पुढे-मागे लावलेली वीतभर पांढरी पाटी आणि तिच्यावरचे तांबडे अक्षर ‘पी’.

अशी पाटी लावलेली गाडी डावीकडच्या रांगेतून निमूट चाललेली असते. तिचा काटा नव्वदावर. मागून मोटारी येतात आणि तिला ओलांडून जातात. मोटारींचे एक वेळ सोडा, चाळीस-चाळीस टनांचे मालट्रकसुद्धा तिला मागे टाकून जातात, कारण ट्रकांना शंभराची मुभा आहे आणि हिला नव्वदाचीच! आत बसलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी हा अपमान मुकाट्याने गिळत असते. ज्या वयात आपल्याकडे सायकलवरसुद्धा हात सोडून जायची हौस असते, त्या वयाची ही सहनशीलता पाहून मी थक्क झालो.

माझी भाची सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामाटाजवळ राहते. तिच्या सतरा वर्षांच्या लेकीला नुकतीच ही तांबडी पाटी मिळाली होती. तेव्हा या सगळ्या प्रकरणाचे शास्त्र मला घरबसल्या समजले. ते ऐकताना मला राहून राहून आपली मुंज आठवत होती. मुंज लागली म्हणजे बटू लगेच मोकळा होत नाही, उलट तिथून त्याचे नियम सुरू होतात. नियम पाळून झाले की मग सोडमुंज. न्यू साउथ वेल्स राज्यात मोटारीच्या बाबतीत नेमके हेच आहे. फरक एवढाच, की इथे मुलींचीही मुंज लागते!

सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. तेव्हा पाटी पिवळी आणि अक्षर काळे, ‘एल’. मग शेजारी पूर्ण परवान्याचा माणूस बसवून १२० तास गाडी चालवायची, आणि त्यांतले २० तास रात्रीचे. पूर्वी ५० तास पुरत. २००७ साली ते १२० केले. प्रत्येक फेरीची नोंद वहीत करायची. आमच्या भाचीने वर्षभर भाजी आणायला, गाण्याच्या क्लासला, देवळात, जिथे म्हणून जाणे झाले तिथे लेकीला चालवायला लावले. “मामा, तिचे तास भरले, पण माझे केस पिकले,” असे ती म्हणते. मला वाटते, कायद्याचा अर्धा फायदा इथेच होत असेल. आईबापांना मुलाशेजारी शंभर तास बसायला लावणारा दुसरा कायदा निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्यानंतर परीक्षा आणि तांबडा ‘पी’. तो किमान एक वर्षाचा. पुढे हिरवा ‘पी’ आणखी दोन वर्षांचा. त्यात मर्यादा शंभराची. मग सोडमुंज. या तिन्ही वर्षांत दारूचा थेंब चालत नाही. गाडी चालवताना टेलिफोनला हात तर नाहीच, पण हात न लावता बोलायलाही बंदी. तांबड्या पाटीचा चालक पंचवीसच्या आतला असेल, तर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात एकवीस वर्षांखालचा एकच सोबती गाडीत बसवता येतो. कायदा करणाराला तरुणपणाची चांगली ओळख असावी. एकटा पोर शहाणा असतो. चार मित्र मागे बसले की त्याच्या पायात वेगळेच बळ संचारते.

या बळाचाही बंदोबस्त केलेला आहे, आणि मला सर्वांत नवल वाटले ते त्याचे. नवशिक्याने कोणती गाडी चालवायची नाही, हेही कायद्यात लिहिलेले आहे! २००५ साली आठ सिलिंडरांच्या आणि टर्बो लावलेल्या गाड्यांवर सरसकट बंदी आली. पुढे गंमत झाली. इंधन वाचावे म्हणून लहानसहान गरीब गाड्यांनाही कारखानदार टर्बो बसवू लागले, आणि निरुपद्रवी गाड्या बंदीत सापडल्या. तेव्हा १ ऑगस्ट २०१४ पासून सरळ त्रैराशिक लागू केले : गाडीच्या दर टन वजनामागे इंजिनाची ताकद १३० किलोवॉटपेक्षा जास्त नको. बाराशे किलोची, ८० किलोवॉटची घरगुती गाडी घ्या. टनामागे ६७ पडतात, ती पास. सोळाशे किलोची, २८० किलोवॉटची गाडी घ्या. टनामागे १७५, ती नापास. विजेवरची असली तरी हिशेब तोच. आवाज करत नाही म्हणून तिला सूट नाही.

हा नियम फार कंजूष आहे असे मात्र समजू नका. १३० किलोवॉट म्हणजे सुमारे १७४ अश्वशक्ती. टनाला १७४ घोडे जुंपलेला रथ अर्जुनालाही पुरला असता. बंदी आहे ती त्याहून मातलेल्या गाड्यांना. भाचेजावयांनी हौसेने घेतलेली गाडी नेमकी त्या यादीत निघाली. लेकीने सरकारी संकेतस्थळावर गाडीचे नाव घालून पाहिले आणि जाहीर केले, “बाबा, तुमची गाडी माझ्यासाठी नाही.” तिच्या वाट्याला आईची जुनी लहान गाडी आली. मोटारसायकलींनाही असाच नियम आहे : ६६० सीसीच्या आत आणि टनामागे १५० किलोवॉटच्या आत. आपल्या चेन्नईची ६५० सीसीची रॉयल एनफिल्ड त्यात बसते, हे ऐकून मला उगाचच अभिमान वाटला.

त्याच लहान गाडीतून आम्ही गोलबर्नला निघालो. चक्रधर अर्थात नात. अंतर सुमारे २०० किलोमीटर. काटा नव्वदावर स्थिर झाला आणि ट्रक आम्हाला नमस्कार करून पुढे जाऊ लागले. वेळ घालवायला मी मनाशी हिशेब मांडला. एकशे दहाने गेलो तर १०९ मिनिटे, नव्वदने गेलो तर १३३. तोटा २४ मिनिटांचा. पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकशे दहाची धडक नव्वदच्या दीडपट. चोवीस मिनिटे देऊन दीडपटीतले अर्धे वाचवायचे, हा व्यवहार कोणत्याही वाण्याने मान्य केला असता.

“एखादे वेळी पंचाण्णव झाले तर?” मी विचारले.

“आजोबा, तीन महिने पायी,” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

ही अतिशयोक्ती नव्हे. पूर्ण परवानेवाल्याला तीन वर्षांत तेरा गुणांची शिल्लक असते आणि मर्यादेपेक्षा थोडा वेग झाला तर एकच गुण जातो. तांबड्या पाटीवाल्याची शिल्लक चारच गुणांची, आणि वेगाचा लहानात लहान गुन्हाही चारांचाच! म्हणजे पहिल्याच चुकीला पाटी पुसली. किमान तीन महिने परवाना बंद. त्यातून लांब सुट्ट्यांच्या दिवसांत वेगाच्या गुन्ह्याचे गुण दुप्पट कापतात. भाचीच्या शेजारचा, नळकाम शिकणारा मुलगा असाच एकदा सापडला. हत्यारांनी भरलेली हौद्याची गाडी दारात उभी, कामे गावभर पसरलेली आणि आगगाडी दोन मैलांवर. त्याची आई पहाटे उठून त्याला कामावर सोडी. शिक्षा कुणाला झाली म्हणायची? कायद्याची ही बाजू टोचते खरी. खेड्यापाड्यांत, जिथे बसही येत नाही, तिथे ती जास्तच टोचत असणार.

शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने वेगळा विचार केला आहे. तिथे ‘पी’ अठरा वर्षांशिवाय नाही. पण नव्वदाची वेगळी मर्यादाही नाही. पाटीचे रंगसुद्धा उलटे : तांबड्यावर पांढरे अक्षर. एकशेतीसचे त्रैराशिक मात्र दोन्हीकडे सारखे. घराण्याचे कुळाचार वेगळे, देव एकच.

गोलबर्नला पोहोचलो. गावाच्या तोंडाशी काँक्रीटचा पंधरा मीटर उंच मेंढा उभा आहे. त्याला बघायला गर्दी असते. त्याच गावात राज्याच्या पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्याकडे प्रवासी वळत नाहीत. मला मात्र दोघे शेजारी शोभून दिसले. पुढे याच रस्त्यावर कूलॅक ते गंडागाय या सुमारे १६ किलोमीटरांत १ मे २०२५ पासून नवाच प्रयोग सुरू झाला. दोन टोकांना दोन कॅमेरे. तुम्ही पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात आलात ते पाहून सरासरी काढायची. पावणेनऊ मिनिटांच्या आत पोहोचलात, तर तुम्ही एकशे दहाची मर्यादा मोडली हे गणितच सांगते. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि सरला की पुन्हा सुसाट, ही जगभरची युक्ती इथे चालत नाही. पूर्वी असे कॅमेरे फक्त ट्रकांसाठी होते.

हे सारे फुकट गेले नाही. १९७० साली ऑस्ट्रेलियात रस्त्यांवर ३,७९८ माणसे दगावली; तेव्हा लोकसंख्या सव्वा कोट. आज लोकसंख्या दुपटीहून अधिक, पण अलीकडच्या वर्षांत मृत्यू बाराशे-तेराशेच्या घरात आहेत. श्रेय एकट्या ‘पी’च्या पाटीचे नाही, सीटचे पट्टे, दारूची तपासणी, कॅमेरे, सुधारलेल्या गाड्या, सर्वांचे आहे. आणि २०२० नंतर हा आकडा पुन्हा थोडा चढू लागल्यामुळे तिकडची मंडळी चिंतेत आहेत, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे शिकाऊ असेपर्यंत ‘एल’ लावायचा. परवाना हाती पडला की तोच मुलगा दुसऱ्या दिवशी कितीही घोड्यांची मोटार बाहेर काढू शकतो. मुंज आणि सोडमुंज एकाच मांडवात! अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ साली आपल्या कायद्यात आली, ती योग्यच झाली. पण अठरावे वर्ष लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचे काय, याला कायद्यात उत्तर नाही.

तोवर उत्तर घरात देता येईल. यंदाच्या पाडव्याला कितीतरी दारांत नवी गाडी येईल. तिला झेंडूचा हार घालतील, चाकाखाली लिंबू ठेवतील आणि किल्ली मोठ्या कौतुकाने मुलाच्या किंवा मुलीच्या हातात देतील. त्या किल्लीबरोबर वर्षभराच्या चार अटीही द्याव्यात : गाडी हलकी, रस्त्याची मर्यादा कितीही असो काटा नव्वदाच्या आत, रात्री मित्रांचा घोळका नाही, आणि पहिले शंभर तास शेजारच्या सीटवर आई किंवा बाबा. मूल कुरकुरेल. आपल्याही जिवाची घालमेल होईल आणि पाय उगाचच नसलेल्या ब्रेकवर दाबला जाईल. पण त्या शंभर तासांत मुलाशी जेवढे बोलणे होईल, तेवढे घरात वर्षभरातही होत नाही, असे माझी भाची सांगते.