सोमवारी शहाणा होणारा सर्व्हर

घरात काचेचा पेला फुटला, की तो कुणीच फोडलेला नसतो. तो 'आपोआप' फुटतो. सायकलची हवा आपोआप जाते, वहीचं पान आपोआप फाटतं आणि डब्यातले लाडूसुद्धा आपोआप कमी होतात! मित्रांनो, हा 'आपोआप' शब्द मोठा सोयीचा आहे. पण माझ्या कामात तो फार महागात पडतो. कोल्हापुरातल्या छोट्या छोट्या ऑफिसांमधले संगणक आणि त्यांचं नेटवर्क सांभाळणं, हे माझं काम. सारखा कुणाचा तरी फोन येतो, "अहो, कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय. काही कारणच नाही!"

काही वर्षांपूर्वी असाच एक फोन शिवाजी उद्यमनगरातून आला. उद्यमनगर म्हणजे लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगची वस्ती. सकाळी गल्लीत शिरलात, की लोखंड कापल्याचा आवाज आणि तेलाचा वास तुमचं स्वागत करतो. अशाच एका गल्लीत, वरच्या मजल्यावर हे ऑफिस होतं. टेबलांवर आठ संगणक आणि कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत एक सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे काय? घरात जसं सगळ्यांचं मिळून एक मोठं कपाट असतं ना, तसा तो ऑफिसचं सामाईक कपाट असतो. बिलं, पगाराचे तक्ते, हिशेब सगळं त्याच्या पोटात. आठही संगणक वायरींनी त्याला जोडलेले. लागेल तो कागद तिथून काढायचा, काम झालं की तिथंच ठेवायचा. त्यामुळे एखादा संगणक बिघडला, तर एकाचं काम अडतं. पण सर्व्हर बसला, की आठही जण हातावर हात ठेवून बसतात.

हा सर्व्हर दिवसातून एखाद्या वेळी अचानक डोळे मिटायचा आणि मिनिटभरानं पुन्हा जागा व्हायचा. तेवढ्या वेळात अर्धवट लिहिलेली बिलं गेलेली असायची. महिनाअखेरीला तर रडकुंडीला यायची पाळी!

आता गंमत बघा. कारण सापडत नाही म्हटल्यावर माणसं गप्प बसत नाहीत. ती माणूस शोधतात! त्या ऑफिसात दोनच महिन्यांपूर्वी एक ताई कामाला लागल्या होत्या. "त्या आल्यापासूनच हे सुरू झालं," असं एकानं म्हटलं. "काहीतरी भलतंच बटण दाबत असतील," दुसऱ्यानं जोडलं. हळूहळू सगळ्यांनाच ते खरं वाटू लागलं. ताईंचं टेबल सर्व्हरच्या खोलीपासून लांब हलवलं गेलं. पुढच्या महिन्यात त्यांना कामावर ठेवायचं की नाही, याचीही कुजबुज सुरू झाली. बिचाऱ्या ताई खाली मान घालून काम करायच्या.

मी जायच्या आधी तिथं बरेच उपाय होऊन गेले होते. कुणी व्हायरस काढला, कुणी मेमरी बदलली, कुणी नवी वायर टाकली. तेही सगळं एकाच दिवशी! मग चार दिवस सर्व्हर नीट चालला आणि पाचव्या दिवशी पुन्हा बंद पडला. त्या चार दिवसांत कशानं गुण आला, हे कुणालाच सांगता येईना. एकाच वेळी तीन औषधं घेतली, तर गुण कशाचा, हे कसं कळणार? म्हणून आमच्या कामात एक नियम असतो : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची.

मी आधी सर्व्हरची रोजनिशी उघडली. हो, सर्व्हरही रोजनिशी लिहितो! कुठला प्रोग्रॅम कधी चालू झाला, काय चुकलं, हे तो वेळेसकट नोंदवून ठेवतो. एखाद्या प्रोग्रॅमच्या चुकीमुळे तो कोसळला, तर बहुतेक वेळा पडता पडता काहीतरी लिहून ठेवतो. इथं मात्र तसं काहीच नव्हतं. प्रत्येक वेळी पुन्हा जागा झाल्यावर त्यानं एवढंच लिहिलं होतं, की मागच्या वेळी मला नीट बंद केलं गेलं नव्हतं. जणू बोलता बोलता वाक्याच्या मध्येच कुणी तोंड दाबावं! असं होतं, तेव्हा पहिला संशय विजेवर घ्यायचा.

मी तसं म्हणताच सगळे हसले. "वीज? अहो, त्यालाच तर यूपीएस लावलाय!"

यूपीएस म्हणजे पोटात बॅटरी असलेली पेटी. वीज गेली, की ती पापणी लवायच्या आत बॅटरीवरून वीज देऊ लागते. आठ संगणकांपैकी एकालाही अशी पेटी नव्हती. सर्व्हर मोलाचा म्हणून फक्त त्यालाच होती. तिचा हिरवा दिवाही छान जळत होता. म्हणजे ज्याला राखणदार होता, तोच पडत होता आणि ज्यांना नव्हता, ते आठही ठणठणीत होते! हे कोडं काही सुटेना.

तेव्हा मी एक शंभर पानी वही मागवली. तिच्यात तीन रकाने आखले. पहिल्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात कोण काय काम करत होतं ते आणि तिसऱ्यात आजूबाजूला काय चाललं होतं ते. तिसऱ्या रकान्याचं काम शिपाईमामांनी आनंदानं अंगावर घेतलं.

वही म्हटल्यावर काहींनी नाकं मुरडली. त्यांना मी एका पतंगाची गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा 'मार्क २' नावाचा भलामोठा संगणक चुकू लागला. शोधता शोधता त्याच्या एका रिलेमध्ये, म्हणजे विजेनं उघड-मीट करणाऱ्या खटक्यात, एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो पतंग काढून कामाच्या नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली : दुपारचे पावणेचार. संगणकातल्या चुकीला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. तो शब्द त्याआधीही चालत होता. पण खराखुरा किडा सापडला तो त्या दिवशी! पतंगासकट ते पान अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवलं आहे. एवढ्या मोठ्या संगणकाचे तज्ज्ञही वही ठेवत होते, मग आपण का नको?

तीन आठवड्यांत वहीत चौदा नोंदी झाल्या. मी त्या वारांप्रमाणे मांडल्या. मंगळवारी तीन, बुधवारी दोन, गुरुवारी चार, शुक्रवारी दोन, शनिवारी तीन. रविवारी ऑफिस बंद. आणि सोमवारी? एकही नाही! म्हणजे सर्व्हर सोमवारी शहाण्यासारखा वागत होता.

वेळाही बघितल्या. चौदापैकी दहा वेळा तो सकाळी दहानंतर लगेच किंवा दुपारी दोननंतर लगेच पडला होता. शिपाईमामांच्या रकान्यात 'पंखे मंद झाले' असं सहा ठिकाणी लिहिलेलं होतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, चौदापैकी दोन दिवशी ताई रजेवर होत्या!

ते पान मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. कुणीच काही बोललं नाही. दुसरं कसलंही कारण सापडायच्या आधी एक गोष्ट त्या वहीनं साफ करून टाकली होती.

पण सोमवारीच असं काय असतं? शिपाईमामा पटकन म्हणाले, "खालचा कारखाना सोमवारी बंद असतोय की!"

तीन सोमवार हा योगायोगही असू शकतो. म्हणून पडताळा बघायचा ठरवलं. खालच्या कारखान्यात एक मोठा प्रेस होता. मालक काका जुने, हसतमुख. मी म्हटलं, "काका, प्रेसची मोटर एकदा चालू करून दाखवता का?"

"दावतो की! पण पाव्हणं, आमच्या मोटरीनं तुमचं काय घोडं मारलं?"

काकांनी खटका दाबला. वर ऑफिसात विजेचा दाब मोजणारा मीटर लावून ठेवला होता. एरवी तो २३० व्होल्टच्या आसपास असायचा. मोटर सुरू होताना तीन-चार सेकंद तो १७० च्याही खाली गेला, पंखे मंदावले आणि सर्व्हर आमच्या डोळ्यांदेखत बंद पडला!

असं का होतं? चिखलात रुतलेली गाडी ढकलताना पहिल्या रेट्यालाच सगळा जोर लागतो; एकदा चाक फिरलं, की ती सहज जाते. मोठी मोटरही सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट वीज ओढते. शेजाऱ्यानं नळ पूर्ण सोडला, की आपल्या नळाची धार बारीक होते ना, तसंच. सकाळी दहाला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दोनला गल्लीतल्या सगळ्याच मशीन एकदम सुरू व्हायच्या. तेव्हा दाब मुळातच कमी असायचा आणि त्यात हा प्रेस!

राहिला तो राखणदार. मी सर्व्हर रीतसर बंद केला, त्याच्या जागी यूपीएसला ६० वॅटचा एक साधा बल्ब जोडला आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढली. बल्ब बॅटरीवर जळत राहायला हवा होता. तो एकदा लुकलुकला आणि विझला. बॅटरी पार मेलेली होती! अशी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. हिला तर पाचाहून जास्त झाली होती. हिरवा दिवा फक्त 'भिंतीतून वीज येते आहे' एवढंच सांगत होता. बॅटरी जिवंत आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आता कोडं सुटलं. बाकीच्या आठ संगणकांचे वीजपुरवठे कमी दाबावरही चालणारे होते. तीन-चार सेकंदांचा धक्का ते पचवून टाकायचे. यूपीएस मात्र दाब १७० च्या खाली गेला, की भिंतीची वीज तोडून बॅटरीकडे वळायचा. आणि बॅटरीत तर जीव नाही! म्हणजे सर्व्हरला वाचवायला ठेवलेली पेटीच त्याला पाडत होती. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते हे असं.

नवी बॅटरी बसवली, पुन्हा बल्ब लावून बघितला. वीस मिनिटांनी आम्हीच तो बंद केला. दुसरं काहीही बदललं नाही. वही मात्र महिनाभर चालू ठेवली. 'पंखे मंद झाले' अशा नोंदी येत राहिल्या. 'सर्व्हर बंद पडला' अशी एकही आली नाही. ताईंचं टेबल पुन्हा जागेवर आलं आणि वहीही त्यांच्याकडेच सोपवली गेली. ऑफिसच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. ते मला फार आवडलं.

नोंदीत आकडे असले, की ते कधी कधी थेट कारणापर्यंत नेतात. 'विंडोज ९५' ही प्रणाली सलग चालू ठेवली, तर सुमारे ४९.७ दिवसांनी अडकून पडायची. वही घ्या आणि भागाकार करा. ती चालू झाल्यापासूनचा वेळ मिलिसेकंदांत मोजायची आणि तिच्या मोजपट्टीत ४,२९,४९,६७,२९६ आकडेच मावायचे. एका दिवसात ८,६४,००,००० मिलिसेकंद असतात. भागिलं, की किती येतात? ४९.७! मोजपट्टी संपून पुन्हा शून्यावर यायची, तेव्हा गाडी अडायची. हा दोष दुरुस्त व्हायला १९९९ साल उजाडलं, कारण इतके दिवस तो संगणक सलग चालू ठेवणारेच थोडे!

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलंही एक उदाहरण आहे. १९९८ मध्ये वारणानगर भागातल्या सत्तर गावांना संगणकांनी जोडण्याची योजना सुरू झाली. ऊस उत्पादकांना उसाची नोंद, वजन आणि बिल गावातच कळावं, हा हेतू. पण गावोगावचे संगणक सांभाळणं महाग पडू लागलं. मग २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरच्या संदेशांनी तेच काम करून बघण्यात आलं. संगणक घेणं सोपं. त्याची वीज, बॅटरी, धूळ सांभाळणं हेच खरं काम.

मित्रांनो, विजेच्या तारांशी तुम्ही एकट्यानं मुळीच खेळू नका. पण वही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. सायकलची हवा सारखी जाते? घरचा राऊटर संध्याकाळीच रुसतो? दोन आठवडे वेळ लिहा, आजूबाजूला काय चाललं होतं ते लिहा. आणि 'हे त्यानंच केलं असणार' असं कुणी कुणाकडे बोट दाखवू लागलं, तर आधी विचारा, "नोंद कुठंय?"