जादा उपचारांची यादी

आयव्हीएफ म्हणजे बीजं काढायची, प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा आणि तो गर्भाशयात ठेवायचा, एवढंच मला ठाऊक होतं. घाटकोपरच्या दवाखान्यात हातात पडलेल्या कागदावर मात्र मूळ खर्चाच्या खाली आणखी एक यादी होती. असिस्टेड हॅचिंग, एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग, ईआरए, पीजीटी-ए, एम्ब्रियो ग्लू. प्रत्येकापुढे दर आणि वर एकच ओळ: यशाची शक्यता वाढवण्यासाठी. समुपदेशक बाई म्हणाल्या, "ऑप्शनल आहे मॅडम, पण बरेच पेशंट घेतात." मूल हवं म्हणून तिथवर आलेली बाई कशाला नाही म्हणेल? नाही म्हटलं आणि गर्भ रुजला नाही, तर तेच आयुष्यभर मनाला लागून राहणार.

घरी सासूबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "केईएमला ती मुलगी झाली, तेव्हा होतं का गं हे सगळं?" ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफने हर्षा जन्माला आली, ती बातमी त्यांना अजून आठवते. त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्यानंतर शास्त्र पुढे गेलं हे खरंच. पण यादीतलं काय त्या प्रगतीतून आलंय आणि काय नुसतं आशेवर उभं आहे, हे मला कोण सांगणार?

दरम्यान इंजेक्शनं सुरू झाली. बर्फाची पिशवी घातलेल्या डब्यात ती घेऊन मी मुलुंडची लोकल पकडायची आणि गर्दीत डबा छातीशी धरून उभी राहायची. रात्री पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचायची, काल डावीकडे तर आज उजवीकडे. सोनोग्राफीच्या पडद्यावरचे काळे गोल म्हणजे फॉलिकल, हे कळायलाही मला वेळ लागला. अशा मनःस्थितीत कुणी शास्त्रीय पुराव्याची चौकशी करत बसत नाही. म्हणूनच ही यादी त्याच वेळी पुढे करणं मला पटत नाही.

शेवटी आम्ही मुलुंडमधल्याच दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवून समजावलं. हॅचिंगमध्ये गर्भाभोवतीच्या कवचाला लेझरने छिद्र पाडतात, म्हणजे गर्भ बाहेर पडून रुजायला सोपं जाईल असा तर्क. स्क्रॅचिंगमध्ये गर्भाशयाचं अस्तर बारीक नळीने खरवडतात. दुखतं. पाच देशांतल्या १,३६४ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आले: खरवडलेल्यांत आणि न खरवडलेल्यांत बाळ जन्मण्याचं प्रमाण सारखंच, २६.१ टक्के. हा आकडा ऐकून मी गप्पच झाले. ईआरएमध्ये अस्तराचा तुकडा तपासून गर्भ ठेवायची नेमकी वेळ ठरवतात. अमेरिकेतल्या ७६७ स्त्रियांच्या अभ्यासात त्या वेळेनुसार गर्भ ठेवूनही फायदा दिसला नाही. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. एम्ब्रियो ग्लू, म्हणजे हायल्युरोनिक आम्ल असलेला द्रव, याच्या बाजूने मात्र काही पुरावा आहे.

पीजीटी-एमध्ये गर्भाच्या काही पेशी काढून गुणसूत्रांची संख्या बघतात. वय जास्त असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर विचार करण्यासारखी चाचणी. यातून मुलगा की मुलगी हे जाणून घेणं हा गुन्हा आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितलं, आणि बरं केलं.

इक्सीचा, म्हणजे एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडण्याचा, खर्च मात्र आम्ही डोळे झाकून मान्य केला. नवऱ्याचा काउंट कमी आहे आणि नेमक्या अशाच जोडप्यांसाठी ही पद्धत १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये निघाली. काउंट चांगला असता, तर तिचा वेगळा फायदा नव्हता. तेव्हा मला उलगडलं. उपचार चांगला की वाईट, असा प्रश्नच नसतो. तो कुणाला लागू, हे आधी ठरायला हवं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक जोडप्याला माहीत असायला हवी. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दवाखान्याने यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं बंधनकारक आहे. दवाखान्याची नोंदणीही झालेली असावी लागते. म्हणजे विचारणं हा आगाऊपणा नव्हे, आपला हक्कच आहे.

माझा ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात ठेवणं, अजून व्हायचाय. यादीतलं स्क्रॅचिंग आणि ईआरए आम्ही खोडलं, ग्लू ठेवला. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही दवाखान्यात तुमच्या हातात असा कागद पडला, तर सही करण्याआधी एवढं विचारा: हे माझ्या बाबतीत का, आणि याने बाळ घरी येण्याचं प्रमाण वाढल्याचं कुठल्या चाचणीत दिसलंय? आणि उत्तर लेखी मागा.