लॅमिंग्टन रोडवर आम्ही बापलेक
ग्रँट रोडला उतरून पूर्वेला चालू लागले की लॅमिंग्टन रोड येतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. खिशात भिशीचे पैसे, सोबत मुलगा. त्याला गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा होता. पहिल्याच दुकानात ग्राफिक्स कार्डाचा भाव ऐकून माझा घसा कोरडा पडला.

"पप्पा, कार्ड राहू द्या," तोच म्हणाला. रायझेन ५ ५६००जी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असते. ती रॅमवरच चालते, म्हणून ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. कॅबिनेट साधेच. पॉवर सप्लाय मात्र चांगला घेतला; तो बिघडला तर बाकीचेही जळू शकते.

रात्री स्क्रू आवळताना त्याची आई टॉर्च धरून बसली होती. कार्डाची जागा अजून रिकामी आहे. पुढची भिशी मार्चमध्ये लागेल.