परतीचे तिकीट

(तृतीय वर्ष कला, इतिहास विभाग)

परदेशप्रवास म्हटला की डोळ्यांपुढे विमान येते, निळा समुद्र येतो, गळ्यात कॅमेरा अडकवलेले आपण येतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र झेरॉक्सच्या दुकानातली रांग येते. गेल्या मे महिन्यात मी आजी आणि काका यांच्यासोबत सात दिवस मॉरिशसला जाऊन आले. सहल सात दिवसांची होती, तयारी सात महिन्यांची; आणि खरे सांगायचे तर मला सहलीइतकीच तयारीही आठवते.

काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जाहीर केले, "आईला एकदा विमानात बसवायचं." ट्रॅव्हल एजंटने पाच-सहा ठिकाणे सांगितली. मॉरिशसचे नाव निघाले तशी कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आजी म्हणाली, "मॉरिशस म्हणजे मोरसच ना? मग तिथंच जाऊ."

मोरस हा शब्द आमच्या पिढीला ठाऊक नाही. जुनी माणसे पांढऱ्या बारीक साखरेला मोरस साखर म्हणत, कारण ती मॉरिशसहून येई. आमच्या घराला मात्र त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, वहाळाच्या कडेला भाताची एक लहानशी मळी आहे. तिला 'मोरसवाल्याची मळी' म्हणतात. आजीच्या आजेसासऱ्यांच्या आजोबांना एक भाऊ होता. तो मुंबईला जातो म्हणून गेला, तिथून जहाजात चढून मोरसला गेला आणि परत आला नाही. त्याचे नाव आज कुणालाही सांगता येत नाही. एवढीच गोष्ट. पण त्याच्या वाटणीची ती मळी घरच्यांनी कधी दुसऱ्या नावाने ओळखली नाही.

एजंट खुशीत होता. "भारतीय पर्यटकांना तिथे आगाऊ व्हिसा लागत नाही. उतरल्यावर शिक्का मिळतो. फक्त पासपोर्ट काढा!" त्या 'फक्त'मध्ये आमचे पाच महिने गेले.

आजीकडे दोन नावे आणि दोन जन्मतारखा आहेत. माहेरचे एक नाव, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेले दुसरे. सातवीपर्यंत शिकली म्हणून शाळेचा दाखला आहे. त्यावर माहेरचे नाव आणि जन्मतारीख १ जून. आधार कार्डावर सासरचे नाव आणि जन्मतारीख १ जानेवारी. त्या काळच्या मुलांची मोजदाद शाळा उघडण्याच्या सुमाराने होई, म्हणून अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो. आणि ज्यांना तारीख सांगता येत नाही त्यांना संगणक १ जानेवारी देतो. खरी तारीख विचारली तर आजी म्हणते, "नाचणी कापायला आलेली होती." हे कुठल्याच रकान्यात बसेना.

मग प्रतिज्ञापत्र झाले, राजपत्रात नावबदलाची नोंद झाली, आधार दुरुस्त झाले. पासपोर्ट सेवा केंद्रात बोटांचे ठसे घ्यायचे तर यंत्र ठसे घेईना. भात लावून लावून बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. खिडकीवरचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी ओल्या फडक्याने आजीची बोटे पुसली, पुन्हा दाबली, पुन्हा पुसली. शेवटी यंत्राने आजीला मान्यता दिली. मग फोटो. "आजी, पदर जरा मागे. समोर बघा. हसू नका." आजी मुळीच हसत नव्हती.

माझ्या मनात एक शंका होती. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा येतो आणि ठरावीक देशांत नोकरीला जायचे तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची परवानगी लागते. चौकशीअंती कळले की पन्नाशी उलटलेल्यांना हा शेरा नसतो, आणि मॉरिशस त्या देशांच्या यादीतही नाही. शंका फिटली, पण त्या अधिकाऱ्याचे नाव मनात राहिले. कारण आज १९८३च्या कायद्याखाली काम करणारे हे पद मुळात एकोणिसाव्या शतकातले आहे. मळीवाल्याच्या काळात कंत्राटी मजुरांना जहाजात चढवताना हाच प्रोटेक्टर बंदरात उभा असे.

तेव्हापासून मी तयारीची दुसरी वही सुरू केली. पहिल्या वहीत काका सांगत ते उतरवायचे: पासपोर्टची मुदत, परतीचे तिकीट, हॉटेलच्या आरक्षणाचा कागद, मुक्कामाच्या खर्चाला पुरेल एवढा पैसा, प्रवासाआधी संगणकावर भरायचा फॉर्म, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, चौकोनी तीन पिनांचा प्लग, एक स्वेटर, कारण मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपला उन्हाळा संपत येतो तेव्हा त्यांची थंडी सुरू होते. दुसऱ्या वहीत मी ग्रंथालयात वाचलेले उतरवू लागले.

१८३४ पासून पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर त्या बेटावर उतरले. गुलामगिरी बंद झाली होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. बहुतेक बिहारकडले, दक्षिणेतलेही पुष्कळ, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपल्या मुलखातले काही. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या कचेरीत प्रत्येकाची नोंद होई: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाज. आणि एक क्रमांक. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले आणि मजुराचे पहिले नाव हेच पुष्कळदा पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. १८६७च्या कायद्याने तर कंत्राट संपलेल्यांनाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली. परवान्याशिवाय सापडला तो भटक्या ठरून तुरुंगात. त्या काळचे काही फोटो मी पाहिले. कुणी हसत नाही. आजीच्या पासपोर्टवरचा फोटो त्यांच्यात सहज मिसळून जाईल.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पर्यटकाला बेट आधी विचारते, परत कधी जाणार ते दाखव. सुरुवातीच्या मजुरांच्या कंत्राटातही पाच वर्षांनंतर फुकट परतीचा प्रवास लिहिलेला होता. मळेवाल्यांना तो खर्च नको होता. १८५०नंतरच्या थोड्याच वर्षांत ते कलम निघाले. ज्यांनी पैसे साठवले ते परतलेही. पण ज्यांना जमले नाही त्यांना बेट हेच गाव झाले. मळीवाला कोणत्या साली गेला ते आम्हांला ठाऊक नाही. त्याने परतीचे कलम ऐकले होते की नव्हते, हेही कधी कळायचे नाही.

सामान भरण्याच्या दिवशी खरी अडचण आली. प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे. (आपल्या राज्यातही २०१८ पासून आहे, हे बाजारात फिरताना लक्षात राहत नाही.) म्हणून आजीने जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. एकीत लाडू, एकीत औषधे. तिसरी लहान होती आणि तिचे तोंड दोऱ्याने घट्ट आवळलेले होते.

"यात काय गो आजी?"

"माती हाय. मळीतली. मूठभर."

मी वही उघडली. बिया, फळे, रोपे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. मातीला तर मज्जावच. बेटावरच्या पिकांना बाहेरची कीड लागू नये म्हणून हा नियम आहे, आणि तो योग्य आहे, हे मला कळत होते. तरी ते आजीला सांगताना माझा आवाज नीट लागला नाही. काका म्हणाले, "मूठभर माती कोण बघतंय?" आजीनेच नको म्हटले. "त्यांच्या घरात जायचं तर त्यांचा नेम पाळायला हवा, बाबू." ती उठली आणि पिशवी तुळशीत रिकामी करून आली. रिकामी पिशवी मात्र तिने घडी करून कमरेला खोचली.

मुंबईहून सुमारे सहा तासांचा प्रवास. घड्याळ दीड तास मागे. विमानतळावरच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बसला होता. काकांनी कागदांची फाइल पुढे सरकवली. त्याने तिकीट पाहिले, हॉटेलचा कागद पाहिला, शिक्का मारला. सगळे मिळून दोन मिनिटे. आजी माझ्या कानात म्हणाली, "एवढंच? आन् एवढ्यासाठी मला जुन्या नावाची नवी केलीत?"

समुद्राबद्दल, प्रवाळाबद्दल, डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या उसाबद्दल मी लिहीत नाही; ते कुठल्याही पत्रकात मिळेल. एवढे सांगते की आमचा टॅक्सीवाला क्रिओल बोलत होता, पण आजीला त्याने 'आजी'च म्हटले. त्याच्या घराण्याचे आडनाव आमच्या वाडीत पहिले नाव म्हणून चालते. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे त्याने अभिमानाने सांगितले.

चौथ्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दगडी भिंती, पडक्या खोल्या, आणि त्या सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेले मजूर त्या चढून वर येत. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत आणि तिथे पूर्वजांचा शोध घेता येतो. पण शोध घ्यायला नाव लागते. आमच्याकडे मळीचे नाव आहे, माणसाचे नाही.

आजीने पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग कमरेची रिकामी पिशवी काढून हातात धरली आणि पायऱ्यांकडे बघत, शेजारच्या घरी निरोप सांगावा तशा आवाजात म्हणाली, "मळी हाय हो अजून. पडीक नाय टाकलेली. औंदा पण लावणार." काका दुसरीकडे बघू लागले. मी वही उघडली होती ती मिटून ठेवली.

परत आल्यावर प्राध्यापकांनी विचारले, सहलीतून काय शिकलात? इतिहासाचा अभ्यास नोंदवहीतून होतो हे मला ठाऊक होते. नोंदवहीत नाव नसलेल्या माणसाचाही एक इतिहास असतो आणि तो कधी कधी भाताच्या मळीत नांदतो, हे मला आजीने शिकवले.

काकांनी परतीच्या तिकिटाच्या तीन प्रती काढल्या होत्या. त्यांतली एक आजीने मागून घेतली. ती आता देवघरात, पोथीच्या पानांत आहे. "कशाला गो ठेवलंस? झाला की प्रवास," मी म्हटले.

"जन्माचा दाखला नाय, लग्नाचा नाय," आजी म्हणाली. "परत आल्याचा तरी एक ऱ्हावंदे घरात."